कुत्र्याला घेऊन वाळवंटात तंबू ठोकून राहिलंय का कुणी?

घोडबंदरचा_बंड्या
नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

तर आमच्याकडे चार वर्षांचा लॅब आहे. नाव पावट्या, वजन ३१ किलो (डॉक्टर म्हणतात २८ हवं, पण घरात आई आहे). राहतो मानपाड्याच्या पुढे, चौदाव्या मजल्यावर. पावट्याचं जग म्हणजे लिफ्ट, पार्किंग, सोसायटीमागचा पन्नास पावलांचा तुकडा आणि रविवारी उपवनला एक फेरी, बस्स.

मागच्या महिन्यात बी विंगमध्ये कुणाचंतरी घराचं काम निघालं, त्यासाठी खाली वाळूचा ढीग पडला. फिरवून आणताना पट्टा हातातून सुटला आणि हा पठ्ठ्या थेट त्या ढिगात. उकरलं काय, लोळला काय, नाक खुपसून फुर्रर्र काय केलं, वॉचमन काका हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. सेक्रेटरींनी वरून बघितलं ते वेगळं. पण त्या दिवसापासून बायकोच्या डोक्यात एकच घोकणं, याला एकदा खऱ्याखुऱ्या वाळूत न्यायचं.

तर डिसेंबरच्या शेवटी आठ दिवस सुट्टी टाकतोय. गाडीने जैसलमेर, तिथे सम नाहीतर खुरी, म्हणजे जवळची वाळूच्या टेकड्यांची गावं, तंबू आमचाच. कुणी कुत्र्यासकट असं काही केलंय का? थंडी किती असते, पाणी किती न्यायचं, साप-विंचू काय, सगळं सांगा.

कुरमुरे
वाळूच हवी तर केळव्याला ने की. टोल वाचेल.

घोडबंदरचा_बंड्या
@कुरमुरे, नेलं होतं. समुद्राचं पाणी प्यायला. परतताना मनोरपर्यंत गाडीत काय काय झालं ते जेवणाच्या वेळी कुणी हा धागा वाचत असेल म्हणून लिहीत नाही.

अनुजा_ऐरोली
आम्ही गेलो होतो, दोन वर्षांपूर्वी, आमची बीगल घेऊन, आणि नेमकं ३१ डिसेंबरलाच, समला. सगळ्यात आधी हेच सांगते की ३१ ला समला जाऊ नको. तिथे कॅम्पला लागून कॅम्प आहेत, प्रत्येकाचा वेगळा डीजे, सगळे एकाच वेळी सुरू. दिवसभर टेकड्यांवर जीपा वरखाली घोंघावत असतात आणि बारा वाजता फटाके. आमची मिठू पलंगाखाली जी गेली ती सकाळी आठला बाहेर आली. मी अर्धी रात्र जमिनीवर पालथी पडून तिच्या पाठीवर हात ठेवून होते. नवरा वर पलंगावर घोरत होता, ते असो.

पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले असताना आम्ही दोघी मागच्या बाजूला चालत गेलो. वाळू गारगार, वाऱ्याने पडलेल्या लाटांवर पाऊल नाही एकाचं. मिठूने पाच मिनिटं नुसतं तोंड वर करून हवेचा वास घेतला. त्या पाच मिनिटांसाठी मी परत जाईन. पण जानेवारीच्या मधल्या आठवड्यात, आणि सम सोडून दुसरीकडे कुठेतरी.

उंटांचं म्हणशील तर, मिठूने जीव तोडून भुंकून घेतलं, उंटाने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची आठवण झाली.

खारघरचा_वारा
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. कुत्र्याला वाळवंटाचं काय कौतुक? त्याला सूर्यास्त कळतो का? हजार-अकराशे किलोमीटर एका बाजूने, म्हणजे जाऊन येऊन दोन हजारांवर, गाडीच्या मागच्या सीटवर त्याने का बसायचं, तर तुम्हाला फोटो हवेत म्हणून. खारघरच्या टेकडीवर पहाटे सहाला घेऊन या, तो तेवढाच खूश होईल.

भटकभवानी
@खारघरचा_वारा, सूर्यास्त तर आमच्या ह्यांनाही कळत नाही, त्यांनाही नेतेच की मी.

आता मुद्द्याचं. कुत्र्याला काय कळतं हा प्रश्न निराळा. माझा इंडी आहे, म्हणजे गावठी कुत्रा, शेरा, ऐरोलीच्या पुलाखाली सापडलेला. त्याला घेऊन कच्छला गेले होते मागे. रणात मीठ असतं हे आपल्याला माहीत असतं, त्याच्या पायाला नसतं. पंजाच्या गादीला बारीक चीर होती, मिठावर दहा पावलं चालला आणि बसूनच राहिला, एक पाय उचलून माझ्याकडे बघत. बाटलीभर पाण्याने पाय धुतले, उचलून गाडीत आणला, २२ किलो! तेव्हा पांढऱ्या रणाचा विचार असेल तर सोड. शिवाय तिकडे परवाना काढावा लागतो. बन्नीच्या गवताळ बाजूला मात्र त्याने धमाल केली.

नाना_नौपाडा
गाडीच का? रेल्वेने न्या. नियम असा आहे की फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच कुत्रा बरोबर ठेवता येतो, नाहीतर गार्डाच्या डब्यात जो पिंजरा असतो त्यात. लसीकरणाचं पुस्तक आणि प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं.

आमचा मोती फार वर्षांपूर्वी त्या पिंजऱ्यातून गेला होता, जोधपूरपर्यंत. तेव्हा मी नोकरीनिमित्त तिकडे निघालो होतो. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर मी उतरून मागे पळत जायचो, पाणी पाजायचो आणि गाडी सुटायच्या आत पळत परत. अहमदाबादला गाडी हलली आणि मी गार्डाच्या डब्यातच चढलो. गार्ड भला माणूस. पुढच्या स्टेशनापर्यंत आम्ही तिघं बसलो, मोतीचं नाक जाळीबाहेर आणि माझा हात त्याच्या नाकावर. आता मोती नाही, गार्डही रिटायर झाला असेल. पिंजऱ्यात मात्र घालू नका हो.

कुरमुरे
नाना, कांदा कापत होतो, त्यात तुम्ही.

डॉ_शेपूटवाला
वाशीत प्रॅक्टिस आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

बंड्या, आधी ३१ किलोबद्दल. आईंना माझा नमस्कार सांग आणि डबा कपाटात ठेव. जाड कुत्र्याला उष्णता जास्त बाधते, ही गंमत नाही.

कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, बाकी सगळा कारभार जिभेवर, धापा टाकून. अंगाचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ सेल्सियस. ४१ च्या पुढे गेलं की प्रकरण हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडे दुपार साधारण २४-२५ ची, म्हणजे आपल्या ठाण्यापेक्षा बरी. फसवणूक अशी की हवा कोरडी असल्यामुळे तुम्हाला घाम जाणवत नाही आणि त्याला तहान लागलीय हे तुमच्या लक्षात येत नाही. एरवी किलोमागे ५०-६० मिली पाणी धर, म्हणजे पावट्याला दीड ते पावणेदोन लिटर. तिकडे त्याच्या दुप्पट जवळ ठेव. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार कुणी करत असेल तर करू नका, तेव्हा दुपारी ३५ च्या आसपास असतं आणि वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तळहात उलटा करून वाळूवर सात सेकंद ठेवा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही चालवू नका.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही त्या सांगतो. वाळूत चेंडू खेळू नका. चेंडू लाळेने ओला होतो, त्याला वाळू चिकटते, प्रत्येक वेळी चमचाभर पोटात जाते, आणि आतड्यात तिचा गोळा झाला तर ऑपरेशनपर्यंत वेळ येते. जेवणसुद्धा खाली ताडपत्री किंवा मोठी परात ठेवूनच. आणि कुसळं. तिकडे भुरट नावाचं गवत असतं, त्याचं काटेरी बी कपड्याला, केसाला, बोटांच्या बेचक्यात जाऊन बसतं. रोज रात्री चारही पंजे आणि दोन्ही कान बॅटरी मारून बघायचे. कुत्रा एकाच बाजूला मान झटकत असेल तर कानात काहीतरी गेलंय समजा.

बाकी गोचिडीचं औषध जायच्या आधी. झाडाखाली सावलीत तंबू टाकायचा मोह होईल, पण ज्या झाडाखाली शेळ्यामेंढ्या बसतात तिथे गोचिडी असणारच. फुरसं तिकडेही आहे, आपल्या कोकणातलंच, पण थंडीत फारसं बाहेर पडत नाही. तरी दगडांच्या फटीत नाक घालू देऊ नका.

आणि हो, दालबाटी. तुपात बुडवलेली बाटी कुत्र्याला अजिबात नाही. स्वादुपिंडाला सूज येते आणि माझ्याकडे जानेवारीत अशा दोन-तीन केसेस असतातच.

हस्कीवाली_हिरानंदानी
डॉक्टर, आमची हस्की नेली तर चालेल का? बर्फातली जात आहे. रात्री थंडी असते ना तिकडे.

डॉ_शेपूटवाला
ताई, रात्री चालेल. दिवसा काय करायचं?

कुरमुरे
दिवसा तिला हिरानंदानीला परत पाठवायचं.

भटकभवानी
ठाण्यात हस्की पाळणाऱ्यांसाठी वेगळा धागा हवा. असो, विषयांतर नको.

खारघरचा_वारा
डॉक्टरांनी माझाच मुद्दा सिद्ध केला की. एवढा बंदोबस्त करून न्यायचं, त्यापेक्षा न नेणं सोपं. येऊरला न्या.

अनुजा_ऐरोली
@खारघरचा_वारा, येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे बिबटे आहेत. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं, तेव्हा येऊरला संध्याकाळी कुत्रा न्यायचा सल्ला जपून द्या.

माळरानी
इतके प्रतिसाद झाले, तरी कुणी मूळ मुद्दा काढला नाही म्हणून लिहिते. सम आणि खुरी दोन्ही डेझर्ट नॅशनल पार्कच्या आतबाहेरच येतात. ३१६२ चौरस किलोमीटर, आणि कुंपण कुठे दिसत नाही. तिकडच्या लोकांचा गोडावण म्हणजे आपला माळढोक. उरलेत किती, तर दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक सगळे त्याच पट्ट्यात. मादी उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालते, घरटं वगैरे काही नाही. मोकाट कुत्री हा त्या अंड्यांचा आणि पिलांचा मोठा शत्रू. विजेच्या तारांवर आपटून मरतात ते वेगळं, त्यावरून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं होतं. समलाच २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र चालू आहे. एका बाजूला एकेक पिल्लू जगवायला लोक रात्रीचा दिवस करतायत आणि दुसऱ्या बाजूला आपण ठाण्याहून लॅब घेऊन जाणार.

मी मूळची सोलापूरची. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. लहानपणी बाबांबरोबर गेले तेव्हा पक्षी लांबून, पण दिसला होता. चालताना मान अशी ताठ, जसा काही गावचा पाटील. आज माझ्या मुलीला तिथे नेलं तर काळवीट दाखवता येतं, माळढोक दाखवता येईल याची खात्री नाही.

घोडबंदरचा_बंड्या
@माळरानी, हे खरंच माहीत नव्हतं. पण पावट्याने आजवर फक्त एक कबूतर पकडायचा प्रयत्न केलाय आणि कबुतरानेच त्याला पळवून लावलं.

माळरानी
तो पकडणार नाही हो. पण तो नुसता जवळून गेला तरी पक्षी उठतो, आणि अंडं उघडं पडलं की वर कावळे टपलेले असतातच. तुम्ही वाळवंटात जाऊ नका म्हणत नाही. पार्कच्या बाहेर जा आणि पट्टा सोडू नका एवढंच.

बाडमेर_रिटर्न
आत्ता धागा बघितला. आता नेरूळला स्थायिक, पण नोकरीत तीन वर्षं बाडमेरकडे काढली आहेत. माळरानी ताईंचं बरोबर आहे.

आमच्या चौकीवर एक गावठी कुत्रा होता, पिवळट, वाळूत बसला की दिसायचाच नाही. उन्हाळ्यात तो काय करायचा, तर गाडीखाली जाऊन वरची तापलेली वाळू दोन्ही पायांनी भराभर मागे फेकायचा, वीतभर खोल गेलं की खाली गार वाळू लागते, त्यात पोट टेकून झोपायचा. दर दोन तासांनी उठून शेजारी नवा खड्डा. आम्ही एवढे शिकलेले, तंबूत पंखा नाही म्हणून रडत बसायचो. शेवटी एकाने खड्डा करून त्यात पाण्याची कळशी पुरायला सुरुवात केली.

कामाचं सांगतो. तंबूच्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. रिकाम्या गोणीत किंवा पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि हातभर खोल आडवी पुरायची, मग तंबू हलत नाही. टेकडीच्या माथ्यावर वाऱ्याने झोप येत नाही, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत थंड हवा साचते, म्हणून मध्यावर, वाऱ्याकडे पाठ करून टाका. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य गेला की वाळू तासाभरात गार पडते. जानेवारीत पहाटे पारा ७-८ अंशांपर्यंत नेहमीचं, कधी त्याच्याही खाली. गाडी वाळूत घालणार असाल तर टायरची हवा १८-२० पर्यंत उतरवा आणि परत भरायला पंप जवळ ठेवा. वाऱ्याकडचा उतार घट्ट असतो, पलीकडचा उभा आणि भुसभुशीत. तिकडे गाडी गेली की गावातून ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवाला तुमचा नंबर प्लेट बघून भाव सांगतो.

साप-विंचवापेक्षा एका गोष्टीला भ्या, धनगरांची कुत्री. मेंढ्यांचा कळप दिसला की पावट्याला गाडीत घ्या. ती कुत्री लांडग्याशी भिडणारी असतात, तुमचा लॅब शेपूट हलवत ओळख करून घ्यायला जाईल आणि तिथेच संपेल.

जागा म्हणाल तर जैसलमेर सोडा, जोधपूरच्या उत्तरेला ओसियां बघा, साठ-पासष्ट किलोमीटर. वाळूच्या टेकड्या आहेत, गर्दी कमी, आठव्या शतकापासूनची मंदिरं आहेत. शेतकऱ्यांच्या ढाण्या आहेत, म्हणजे शेतातली वस्ती, विचारलंत तर अंगणाबाहेर तंबू टाकू देतात.

माळरानी
ओसियां चालेल. फक्त जोधपूरच्या आसपास बिश्नोई गावं आहेत, चिंकारा आणि काळवीट थेट शेतात चरतात. १७३० मध्ये खेजडलीला झाडं वाचवायला ३६३ माणसांनी जीव दिला ती ही माणसं. अमृतादेवीची गोष्ट शाळेत वाचली असेल. तिथे कुणाचा कुत्रा हरणामागे सुटला तर काय होईल ते सांगायला नको.

नाना_नौपाडा
आणि ते झाड म्हणजे खेजडी, म्हणजे आपली शमी. दसऱ्याला पूजा करतो तीच. तिच्या शेंगांची भाजी करतात तिकडे, सांगरी म्हणतात. मी वर्षभर खाल्ली आहे, मोतीलाही आवडायची.

डॉ_शेपूटवाला
नाना, मोती काय काय खायचा त्याची यादी नका देऊ, बंड्या सगळं करून बघेल.

घोडबंदरचा_बंड्या
ठरलं. सम रद्द, ओसियां पक्कं. ३१ टाळून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. दहा मीटरचा लांब पट्टा घेतलाय. बायकोने पावट्यासाठी जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली आहे, मला मात्र बाजारातली स्लीपिंग बॅग. आल्यावर लिहितो.

कुरमुरे
गायमुखच्या ट्रॅफिकपुढे पोचलास की लिही, तोच अर्धा प्रवास.

(दोन महिन्यांनी)

भटकभवानी
धागा वर काढतेय. बंड्या, गेलास की नाही? जिवंत आहात ना सगळे?

घोडबंदरचा_बंड्या
आहोत आहोत! आलो, पण ऑफिसात असा काही अडकलो की आज वेळ मिळतोय. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहाटे चारला निघालो, कुरमुरे, गायमुखला पंधरा मिनिटंच लागली, तोंड गोड कर. पहिला मुक्काम पालनपूरला. फोनवर ‘कुत्रा चालेल’ म्हणालेल्या हॉटेलवाल्याने दारात पावट्याला बघून ‘एवढा मोठा?’ म्हणत नाही सांगितलं. आधी फोटो पाठवायला हवा होता, चूक माझी. रात्री नऊ वाजता चार ठिकाणी नकार घेऊन शेवटी हायवेवरच्या एका ढाब्याच्या मालकाने मागच्या बाजूला दोन खाटा दिल्या, पैसे घेईना. पावट्या खाटेखाली, आम्ही वर, ट्रकवाले चहा पिता पिता पावट्याच्या नावाचा अर्थ विचारत होते, तो हिंदीत सांगणं अवघड आहे.

दुसऱ्या दिवशी सिरोही, पाली, जोधपूर करत संध्याकाळी ओसियां. ढाणीवाले काका साठीचे, त्यांचा स्वतःचा एक म्हातारा कुत्रा, काळू, एका डोळ्याने अधू. त्याने पावट्याला हुंगलं, एकदा गुरगुरला आणि परत उन्हात जाऊन पडला. पावट्या पाच दिवस त्याच्यापासून चार हात लांबच बसायचा, अगदी नवीन सुनेसारखा.

आता वाळू. मला वाटलं होतं दार उघडलं की हा सुटणार, सोसायटीच्या ढिगात केलं तसं करणार. आम्ही व्हिडिओ चालू करूनच उभे. पठ्ठ्याने एक पाय टाकला, वाळू खाली सरकली, पाय वर घेतला. दुसरा टाकला. मग वर बघितलं, पूर्ण टेकडीकडे, आणि येऊन माझ्या पायात बसला. दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे, त्यात काहीही घडत नाही. बायको म्हणाली ढीग एवढा मोठा कुणी टाकला म्हणून विचारतोय तो.

आणि पहिली रात्र तर अजिबात झोपला नाही. थंडीने नव्हे, गोधडीत होता. शांततेने! आमच्याकडे रात्री तीन वाजताही रोडची घरघर असते, मेट्रोचं काम चालायचं तेव्हाही हा पाय वर करून घोरायचा. तिथे काहीच आवाज नाही. काहीच म्हणजे काहीच. मला त्याच्या कानाची फडफड ऐकू येत होती. दर दहा मिनिटांनी उठून तंबूच्या चेनपाशी जाऊन बसायचा, कान टवकारून. दोन वाजता मी त्याला घेऊन बाहेर आलो. चंद्र नव्हता. मृग नक्षत्र पश्चिमेला कललेलं, पोटातल्या बाणाचे तीन तारे एका रेषेत, खाली व्याध एवढा लखलखीत की आधी विमान वाटलं. आपल्याकडे ठाण्यात मृगाचे चार पाय मोजायला मिळाले तरी नशीब. आम्ही दोघं गोधडी पांघरून बसलो. त्याने माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि तासाभराने कुठे घोरायला लागला. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

पण खरी मजा सकाळी. वाळूवर रात्रभरात काय काय लिहून गेलेलं असतं! किड्याची शिवण घातल्यासारखी बारीक रेघ, उंदराच्या उड्या, आणि एका ओळीत सरळ गेलेले छोटे पंजे, काका म्हणाले कोल्हा. पावट्या एकेका ठशावर नाक टेकवून उभा राहायचा, मग पुढच्या. मी ठरवलं पट्टा ओढायचा नाही, तो जाईल तसं जायचं. दीड तासात आम्ही तीनशे मीटर गेलो असू. @खारघरचा_वारा, सूर्यास्ताकडे त्याने पाचही दिवस पाठ केली होती, ते तुमचं खरं निघालं. त्या वेळी तो माझ्या बुटाचा वास घेत असायचा.

तिसऱ्या दिवशी मोहरीच्या शेतापाशी चिंकारा दिसला, शंभर पावलांवर. माझ्या लक्षात यायच्या आत काकांचा हात पट्ट्यावर. पावट्या ताठ, शेपूट सरळ, तोंडातून बारीकसा कूं आवाज. हरीण दोन मिनिटं बघत उभं राहिलं आणि मग चालत गेलं, पळालं नाही. काकांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि बोटाने दाखवलं की मनगटाला दोन वेढे घे. पुढचे दिवस दोन वेढे घेऊनच फिरलो. माळरानी ताई, हे तुमच्यामुळे.

आता गुन्हा कबूल करतो. डॉक्टर, बाटी. आम्ही दिली नाही, शप्पथ. काकूंनी चुलीपाशी ताट ठेवलं आणि मी फोन शोधायला वळलो तेवढ्यात दोन गेल्या, तुपासकट. रात्री अडीचला तंबूत ओकला. माझ्या स्लीपिंग बॅगवर, त्याच्या गोधडीवर नाही. सकाळपर्यंत पोट दुखल्यासारखा पाठ वाकवून उभा राहत होता, आमच्या पोटात गोळा. जोधपूरला गाडी हाकत नेलं, तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दिवसभर उपाशी ठेवायला सांगितलं, संध्याकाळी शेपूट हलली. पण तो एक दिवस फार वाईट गेला.

कुसळं रोज निघायची, वीस-पंचवीस. माझ्या मोज्यांत त्याहून जास्त. आणि बाडमेर_रिटर्न, तुमची गोणीची युक्ती एक नंबर. शेवटच्या दोन दुपारी हवेत जरा ऊब होती तर पावट्यानेही खड्डा केला, कुणी न शिकवता, पोट टेकून झोपला. काळू लांबून बघत होता. मग उठला, आला आणि त्याच खड्ड्यात याला खेटून पडला.

बाडमेर_रिटर्न
शाब्बास. पास झाला पावट्या.

खारघरचा_वारा
बाटीचा दिवस वाचून माझं मत बदललं नाही. पण दीड तासात तीनशे मीटर हे मात्र पटलं. मी आमच्या राणीला टेकडीवर रोज ओढतच नेतो, वेळ नसतो म्हणून. उद्या नाही ओढणार, बघू कुठे जाते.

माळरानी
काकांच्या ढाणीचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करशील का? मुलीला चिंकारा दाखवायचाय. आमच्याकडे कुत्रा नाही, घाबरू नको.

घोडबंदरचा_बंड्या
केला. आता मला कुणीतरी सांगा, गाडीतली वाळू कशी काढायची? दोनदा व्हॅक्यूम मारून झालं, अजून एसी लावला की तोंडावर येते. डिकीतून आत्तापर्यंत दीड डबा निघालीय.

कुरमुरे
टाकू नको. सोसायटीच्या मागे ढीग कर, पुढच्या वर्षीचं पेट्रोल वाचेल.

डॉ_शेपूटवाला
ते सगळं ठीक आहे. वजन किती भरलं?

घोडबंदरचा_बंड्या
३१.८. त्यात थोडी वाळू धरा डॉक्टर.